नरोटीची नरोटी: एका कथेचं रीवर्क

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एवढंच लिहिलेलं: "ताई, वाच आणि खरं सांग." अकरा पानांची कथा होती. चौथ्या ओळीला लक्षात आलं की ही माझीच कथा आहे.

माझी म्हणजे मी एकोणीस वर्षांची असताना लिहिलेली. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, सातपूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, दोनशे पानी वहीत. नाव 'सहावा'. ती वही पुढे कधीतरी मावशीकडे गेली आणि मी विसरूनही गेले. बहिणीने ती शोधली, न विचारता तिच्यावर हात चालवला आणि कॉलेजच्या वार्षिकांकासाठी स्वतःच्या नावाने तयार केली. पहिल्या वाचनात मला फक्त राग आला. दुसऱ्या वाचनात कळलं की तिची कथा माझ्या कथेपेक्षा चांगली आहे, आणि राग जरा वाढला.

इथे मी एरवी द्राक्षावरच्या भुरीबद्दल लिहिते: त्या बुरशीच्या नमुन्यांमधला डीएनए वाचून त्यांची वंशवृक्षं कशी काढतात, वगैरे. आजही झाड येणार आहे, फक्त थोडं उशिरा. आधी कथा.

'सहावा' अशी होती. युद्ध संपलंय. गंगेच्या काठावर तर्पण चालू असताना कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. इथपर्यंत व्यास. माझी कथा त्या रात्री सुरू होते. द्रौपदीला झोप येत नाही. तिला स्वयंवर आठवतं. कर्ण धनुष्य उचलतो, प्रत्यंचा चढवतो, आणि ती भर सभेत म्हणते की मी सूतपुत्राला वरणार नाही. मग नऊ पानं पश्चात्ताप. शेवटी ती कर्णाच्या बायकोकडे, वृषालीकडे जाऊन क्षमा मागते आणि वृषाली क्षमा करते. लिहिताना मी रडले होते, हे प्रामाणिकपणे सांगते.

तोवर 'मृत्युंजय' माझं तीनदा वाचून झालं होतं. शिवाजी सावंतांची १९६७ची कादंबरी, कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितलेली. वडिलांची प्रत, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. त्यातलं सगळं व्यासांचंच असणार अशी माझी पक्की समजूत. वृषालीचीच गोष्ट घ्या. व्यासांच्या स्त्रीपर्वात कर्णाची बायको रणांगणावर आक्रोश करताना दिसते, पण ती वृषसेनाची आई म्हणून, नाव नसलेली. मराठी वाचकाच्या डोक्यात ती 'वृषाली' झाली ती सावंतांच्या पुस्तकामुळे. मग रणजित देसाईंच्या 'राधेय'मध्ये (१९७३) ती त्याच नावाने आली. कविता काणे यांच्या इंग्रजी 'कर्णाज वाइफ'मध्ये (२०१३) तर उरुवी नावाची नवीकोरी राजकन्या नायिका झाली, आणि वृषाली आधीची बायको म्हणून कोपऱ्यात गेली. म्हणजे मी महाभारतावर लिहीत नव्हतेच. मी सावंतांवर लिहीत होते, न विचारता. हा मुद्दा पुढे माझ्यावरच उलटला.

(या सगळ्याला 'फॅन फिक्शन' म्हटलं की काहींना ते हलकं वाटतं. खांडेकरांच्या 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं आणि पोरीच्या वहीतल्याला फॅन फिक्शन म्हणतात, एवढाच फरक. दर्जाचा फरक असेल. कृती तीच: पात्रं दुसऱ्याची, प्रश्न आपला.)

आता झाड.

पीएच. डी.साठी पुण्यात आल्यावर एका शिक्षकांनी मला भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे वळवलं. वंशवृक्ष कसे काढतात ते मला सॉफ्टवेअर चालवून येत होतं, पण समजत नव्हतं. तिथे समजलं. १९१९ ते १९६६ एवढा काळ हे काम चाललं, १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. १९२५ पासून मृत्यूपर्यंत त्याचे प्रमुख संपादक असलेले वि. सी. सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले होते. त्यांची प्रस्तावना वाचताना ते कळतं.

पद्धत समजायला जर्नल आठवा. प्रॅक्टिकलचं जर्नल आपण सगळ्यांनी उतरवलंय. समजा वर्गातल्या चाळीस जणांच्या जर्नलमध्ये तिसरं रीडिंग ३.४७ आहे आणि ते चूक आहे. सरांना लगेच कळतं की चाळीस जणांनी प्रयोग केलेला नाही. एकीने केला, चुकली, बाकीच्यांनी उतरवलं. म्हणजे ते चाळीस साक्षीदार नाहीत, एकच आहे. उलट, दोन वेगवेगळ्या कॉलेजांतल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या मुलींचं रीडिंग जुळलं, तर त्या दोघींचं वजन चाळिसांपेक्षा जास्त. हस्तलिखितांचंही तसंच. एखादा श्लोक शंभर पोथ्यांत आहे याला फारसा अर्थ नाही. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या आणि केरळच्या मलयाळम लिपीतल्या पोथ्या, म्हणजे शेकडो मैल आणि शेकडो वर्षं एकमेकींपासून लांब असलेल्या शाखा, तो श्लोक सारखाच देतात का, हे बघायचं. भुरीच्या डीएनएत मी हेच करते. सारखे बदल कोणाकोणात आहेत ते बघून कोण कोणापासून फुटलं ते काढते. १९९८ मध्ये केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाच्या ५८ प्रती अशाच सॉफ्टवेअरमध्ये घातल्या आणि 'नेचर'मध्ये निबंध छापला. पुण्यात ते हाताने, कागदावर, कितीतरी आधी चाललं होतं.

एक अडचण दोन्हीकडे सारखी. लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून दोन्हींतलं मिसळलं की झाड मोडतं. बुरशीच्या दोन वंशांची सरमिसळ झाली की माझंही मोडतं.

तर द्रौपदीचा तो नकार चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य मजकुरात नाही. काही पोथ्यांत आहे, बाकी शाखांत नाही, म्हणून तो खाली, पाठभेदांच्या टीपांत गेला. उलट मुख्य मजकुरात, ब्राह्मणवेशातला अर्जुन पुढे होतो तेव्हा आजूबाजूचे ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण-शल्यांसारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते या पोराला काय जमणार? म्हणजे कर्णाला जमलंच नव्हतं. एक गोष्ट इथे नीट सांगते, कारण हिच्यावरून खूप घोळ होतो. चिकित्सक आवृत्ती म्हणजे 'खरं महाभारत' नव्हे. उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितकं मागचं रूप, एवढाच तिचा दावा आहे, आणि सुकथनकरांनी तो स्पष्ट केला आहे. पण 'सहावा'च्या लेखिकेला तेवढं पुरेसं होतं. जी गोष्ट द्रौपदीने बहुधा केलीच नव्हती, तिच्यासाठी मी तिला नऊ पानं रडवलं होतं.

मी कथा दुरुस्त करायला बसले. नकार काढून टाकला. मग पश्चात्ताप गेला, क्षमा गेली, उरली ती रात्र आणि झोप न येणारी बाई. दोन पानं.

माझे वडील सातपूर एमआयडीसीत सव्वीस वर्षं क्वालिटीला होते. त्यांच्याकडे दोन डबे असायचे, रीवर्कचा पिवळा आणि रिजेक्शनचा लाल. कोणता जॉब कुठे टाकायचा हे मी लहानपणीच शिकले. बोअर लहान राहिलं असेल तर पिवळा, कारण अजून माल शिल्लक आहे, पुन्हा लावून वाढवता येतं. बोअर मोठं झालं की लाल. गेलेला माल परत येत नाही. मी त्यांना म्हटलं, माझी कथा लाल डब्यात गेली. ते म्हणाले, "बुश मारून बघ." मोठ्या झालेल्या भोकात दुसऱ्या धातूची नळी दाबून बसवतात आणि तिच्यात मापाचं भोक पाडतात, तो बुश. महागडा जॉब असेल तरच परवडतं. मी हसले आणि वही बंद केली. बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं असेन, दहाएक मिनिटं, तक्रारीच्या सुरात.

तिने बुश मारला.

तिच्या कथेतही तीच रात्र, तीच झोप न येणारी द्रौपदी. पण तिने नकार काढला नाही आणि ठेवलाही नाही. तिच्या कथेत सगळ्यांना तो आठवतो, एकट्या द्रौपदीला सोडून. दासी म्हणते, तुम्ही तेव्हा असं बोललात. सुभद्रा म्हणते, मला द्वारकेत कळलं तू काय बोललीस ते. भीम तर शब्द न् शब्द म्हणून दाखवतो. आणि प्रत्येकाचे शब्द वेगळे. पाठभेद! मी फोनवर जे कंटाळवाण्या तपशिलात सांगितलं होतं, ते तिने संवादात बसवलं होतं. द्रौपदीला वाटायला लागतं की आपण म्हणालो असू. इतक्यांना आठवतंय म्हणजे म्हणालोच असू. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण जर्नलचं उदाहरण मीच दिलं होतं. एका वर्गातले चाळीस साक्षीदार.

मग ती वृषालीकडे जाते. क्षमा मागायला नाही, विचारायला: त्या दिवशी घरी येऊन तो काय म्हणाला? वृषाली सांगते, काहीच नाही. जेवला नाही. ती गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकली, माझ्याच भावाच्या तोंडून. त्यानेच ती रचली होती. आम्ही सूत. रथ हाकतो आणि गाणी रचतो. आमचा कर्ण धनुष्यापुढे हरला, असं गायला त्याची जीभ वळेना.

इथे मी मोबाइल खाली ठेवला.

काय केलंय तिने बघा. उद्योगपर्वात कर्ण स्वतः कृष्णाला सांगतो की अधिरथाने माझी लग्नं लावून दिली, आणि आपल्या सगळ्या सोयरिकी सूतकुळाशीच असल्याचं सांगतो. म्हणजे वृषालीचे भाऊ सूत हे धरून चालायला हरकत नाही. आणि महाभारत सांगतं कोण? नैमिषारण्यात ऋषींना कथा ऐकवणारा उग्रश्रवा हा सौती, सूताचा मुलगा. युद्धाची हकिगत धृतराष्ट्राला सांगणारा संजय, तोही सूत. 'सूतपुत्राला वरणार नाही' हे वाक्य आपल्यापर्यंत आणणारे लोक सूतपुत्रच होते, हे मी इतक्या वर्षांत कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. बहिणीच्या कथेत तो नकार म्हणजे कर्णाच्या चाहत्यांनी केलेलं पहिलं फॅन फिक्शन ठरतं. प्रेमापोटी केलेलं. त्याची हार झाकायला त्यांनी अपमान घातला, आणि अपमान करायला कोणीतरी हवं म्हणून द्रौपदी. पुढच्या शेकडो वर्षांचा दोष तिच्या माथी. मी गच्चीवर बसून त्यात नऊ पानांची भर घातली होती.

हा पुरावा नाही. तो भाग कोणी घातला हे पोथ्या सांगत नाहीत, आणि वृषालीचा भाऊ बहिणीच्या डोक्यातला आहे. पण कथेला पुरावा लागत नाही, आपण कुठून पुढे पुराव्याबाहेर गेलो ते माहीत असावं लागतं. याचा मराठीतला माझा आवडता नमुना इरावती कर्व्यांचा. बर्लिनला कवट्यांची मापं घेऊन पीएच. डी. केलेली ही मानववंशशास्त्रज्ञ बाई. १९६७च्या 'युगान्त'मधलं त्यांचं विवेचन चिकित्सक आवृत्तीवर उभं आहे. आणि द्रौपदीवरच्या लेखात एका जागी त्या थांबतात. इंग्रजी आवृत्तीत तर वाचकाला सरळ सांगतात की इथपर्यंतचं चिकित्सक आवृत्तीवरून, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे करवंटी, कवडीमोलाची गोष्ट. या अर्थाने तो शब्द त्या एकनाथांकडून घेतात. व्यासांच्या महाप्रस्थानात द्रौपदी पडते, भीम विचारतो ही का पडली, युधिष्ठिर म्हणतो अर्जुनावर हिचा जीव जास्त होता, आणि वळूनही न बघता चालू लागतो. कर्व्यांच्या नरोटीत ती अजून जिवंत आहे आणि भीम परत येतो. ती त्याला म्हणते ते तुम्ही तिथेच वाचा. पानभरसुद्धा नाही. मला त्यापुढे 'मृत्युंजय'ची शेकडो पानं फिकी वाटतात, आणि हे मी तीनदा वाचून बोलतेय.

गंमत अशी की एम. टी. वासुदेवन नायर यांच्या १९८४च्या मलयाळम 'रंडामूळम'मध्येही भीम द्रौपदीसाठी मागे वळतो. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. आमच्याकडेही दोन फांद्यांवर एकच बदल स्वतंत्रपणे होतो, आणि तो होतो कारण त्या जागी दाब असतो. व्यासांमध्ये 'ही का पडली' हे विचारणारा भीमच आहे. वळायची जागा व्यासांनीच ठेवलीय. बहिणीने तशी जागा शोधली, पण ती व्यासांमध्ये नाही, पोथ्यांच्या भांडणात. म्हणून मला तिचं कौतुक जास्त.

आता ती कुठे चुकली.

वृषालीचं बोलणं संपल्यावर कथा संपायला हवी होती. त्याऐवजी तंबूत कृष्ण येतो. मंद हसतो. आणि सत्य म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय हे दीड पान समजावतो. मागे बासरी वाजतेय असं वाटतं. हा कृष्ण व्यासांचा नाही, सावंतांचाही नाही, टीव्हीवरचा आहे, आणि तिच्या लक्षातही आलेलं नाही की ती उतरवतेय. सरमिसळ हीच. माझी वृषाली मला जशी व्यासांची वाटली होती, तसा तिचा कृष्ण तिला.

दुसरी चूक मला जास्त लागली. माझ्या कथेचं नाव 'सहावा' होतं, आणि त्यात बाकी काही नसलं तरी ओढ होती. विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' मी तेव्हा नुकतंच ऐकलं होतं. त्या लोककथेत द्रौपदीला मनातलं खरं बोलावं लागतं, आणि खरं असं निघतं की पाच जण असून तिचं मन कर्णावर गेलं होतं. उमप ते हसवत हसवत, ठेका धरत, बाईला कुठेही खाली न पाडता नेतात. बहिणीने ते पार काढून टाकलं. तिच्या द्रौपदीला फक्त न्याय हवाय. मी विचारलं तर म्हणाली, "ती त्याच्यावर लाइन मारत होती असं लिहिलं की परत सगळे तिलाच बोलणार." कळतं मला. पण मग तिने द्रौपदीला एका आरोपातून सोडवून दुसऱ्या चौकटीत बसवलं. जिने अपमान केला नाही आणि जिला तो आवडलाही होता, अशी बाई या कथेत मावली असती. खोटा नकार तिला जास्त बोचला असता.

नावावरून भांडण झालं ते शेवटी. मी म्हटलं, निदान 'मूळ कथा ताईची' एवढं तरी घाल. ती म्हणाली, "तू व्यासांना विचारलं होतंस? सावंतांना?" मी तिला कॉपीराइट सांगायला गेले: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, सावंत २००२ मध्ये गेले म्हणजे २०६२ अखेरपर्यंत. व्यास मोकळे आहेत. नुसत्या नावावर हक्क नसतो, शब्दांवर असतो. "मग तुझे शब्द मी कुठे घेतलेत, दाखव," म्हणाली. दाखवायला गेले तर अकरा पानांत माझी तीन वाक्यं निघाली. तिन्ही वाईट.

परवा तिने सुधारलेली प्रत पाठवली. कृष्ण गेलाय. वृषाली थांबते तिथे कथा थांबते, आणि त्याआधी द्रौपदी विचारते, 'जेवला नाही म्हणजे, त्या रात्री होतं काय जेवायला?' एवढ्या एका प्रश्नात ओढ परत आलीय. मला नऊ पानांत जमली नव्हती. शीर्षकाखाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'ताईच्या वहीवरून. ताईने सावंतांवरून. त्यापुढची माझी नरोटी.'

माझी तीन वाक्यं मात्र अजून आत आहेत. काढ म्हटलं तर म्हणते, राहू दे, वंश कळायला बरं.